वरून न दिसणारी पाणंद

मालवणच्या पोफळवाड्यात परशुराम नावाचा एक पाडेली राहतो. पाडेली म्हणजे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडून देणारा. वय त्रेसष्ट, अंगावर मांस म्हणाल तर नावाला, आणि स्वभाव असा की देवळात पुजाऱ्याने प्रसाद दिला तरी शेजारच्याच्या हातावर किती पडला ते आधी बघून घेईल. पंचेचाळीस वर्षं तो हेच काम करतोय. या माणसाने मालवण जितकं वरून पाहिलंय तितकं खालून पाहिलेलं नाही, आणि त्याचं जे काय बरंवाईट झालं ते त्यातूनच झालं.

खालून बघाल तर मालवण म्हणजे नुसता गोंधळ. बाजारपेठेत समोरून एसटी आली की रिक्षावाला आपली रिक्षा कुणाच्या तरी पायरीला नेऊन चिकटवतो, आणि मुंबईचा पाहुणा विचारतो, हा रस्ता आखला कोणी? कोणीच आखला नाही. घरं आधी आली, रस्ता मागाहून त्यांच्यामधून अंग चोरत गेला. परशुरामला हे वरून स्वच्छ दिसायचं. बंदराच्या अंगाला कौलारू घरांची दाटी, मध्ये मध्ये स्लॅबच्या इमारती आणि त्यांच्या डोक्यावर काळ्या टाक्या, मग वाड्या, मग पुन्हा घरं. वाड्यांमधून पाणंदी, म्हणजे कुंपणांमधल्या अरुंद वाटा, निघालेल्या. कुठलीही पाणंद धरून नजर पुढे नेली तर ती शेवटी एक तर विहिरीला लागते, नाहीतर समुद्राला. पण अख्खी पाणंद वरून कधीच दिसत नाही. ती माडाखाली, फणसाखाली शिरते आणि पुढे कुठेतरी हातभर बाहेर डोकावते. मधलं परशुराम मनाने जोडून घ्यायचा. त्याला घरांच्या खुणा लागतच नसत. तो नुसते माडांचे शेंडे ओळखायचा. हा शेंडा अमक्याचा, त्याच्या दक्षिणेला तमक्याची विहीर, त्याच्या पलीकडे मारुतीचं देऊळ. सगळं शहर त्याच्या डोक्यात शेंड्यांनी मांडलेलं होतं.

वरून आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे लोकांची मागीलदारं. पुढच्या अंगणात तुळस, रांगोळी, या बसा. मागे कोण शेजाऱ्याच्या हद्दीत केराची टोपली उपडी करतं, कोण भावाच्या वाट्याचे फणस गोणीत भरतं, कोण उपासाच्या दिवशी सुका बांगडा भाजतं, हे परशुरामला सगळं ठाऊक. पण एक अक्षर त्याने कधी बाहेर काढलं नाही. चढण्याआधी तो बुंध्याशी उभा राहून तीनदा हाक द्यायचा, “माऽड चढतंय गोऽ!” म्हणजे उघड्या न्हाणीत कोणी बाई असली तर ती आवरून घेई. वर गेल्यावर नजर नारळावर, नाहीतर लांब समुद्रावर. दुसरे पाडेली स्वस्त पडायचे, तरी बायका परशुरामसाठी आठ-आठ दिवस थांबायच्या.

मात्र न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात सगळं साचतं. इतक्या जणांची मागची बाजू बघून परशुरामचा कोणाच्याच पुढच्या बाजूवर विश्वास उरला नव्हता. त्याची बायको नर्मदा म्हणायची, “तुमका देव भेटलो तरी तुमी आदी तेची पाठ बघतलास.”

सगळ्या शहराच्या वाटा ज्याला पाठ, त्याचं स्वतःचं घर मात्र कुठल्याच रस्त्यावर नव्हतं. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चार फूट रुंदीची एक पाणंद, ऐंशी पावलांची. तेवढाच त्याचा जगाशी संबंध. तिथूनच नर्मदा नवरी होऊन आली, तिथूनच बापाला खांद्यावर नेलं, आणि आता गॅसचा सिलिंडर येतो तोही तिथूनच. पाणंदीच्या एका बाजूला चिऱ्यांच्या कुंपणाचा जुना गडगा, त्याच्यावर आंब्याचं झाड ओणवं झालेलं. दुसऱ्या बाजूला, समुद्राच्या अंगाला, चंदनची जागा. दोघांच्या हद्दीवर एक उंच माड. तो परशुरामच्या बापाने आणि चंदनच्या आजोबांनी मिळून लावलेला, म्हणून नारळ निम्मे निम्मे. माडाच्या अलीकडे वाट, पलीकडे चंदनचं परसू. याचा कागद कुठेच नव्हता. चंदनचे वडील, ज्यांना सगळे भाई म्हणत, आणि परशुराम लहानपणी एका ताटात जेवलेले. कागदाची आठवण कोणाला होणार?

भाई वारले. पुढे मोठं वादळ होऊन गेलं, त्यात वाड्यातले निम्मे माड पडले आणि उरलेले कलले. हद्दीचा माड वाचला, पण त्याला धड नारळ धरेनात. वर्षाला पाचसहा, तेही वाळून आपोआप पडत. त्यातले तीन चंदनची आई विमला न चुकता नर्मदेच्या हातात आणून देई. अशा माडावर चढणार कोण? परशुरामने त्याच्यावर चढणं सोडून दिलं.

वादळानंतर चंदनने मागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. आधी चार, मग दोन आणखी. त्यापायी जुनी न्हाणी मोडली आणि नवी पाणंदीच्या बाजूला सरकवली. येता-जाता तो हसून विचारायचा, “काय परशुकाका, बरा मां?” परशुरामला त्यातही वास यायचा. भाईचा मुलगा इतका गोड का बोलतो? ज्याला खोल्या वाढवायच्या त्याला जागा लागते, आणि दुसऱ्याच्या वाटेसारखी सोपी जागा दुसरी कुठली?

असं सगळं चाललेलं असताना गेल्या वर्षी फाल्गुनात शहराचा नवा नकाशा करायचं निघालं. माणसं दवंडी दिल्यासारखी सांगत फिरली की ड्रोन उडणार आहे, आपापल्या हद्दीवर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारून ठेवा, वरून फोटो निघतील आणि फोटोवरून नकाशा. झालं! कालपर्यंत ज्यांना आपली जागा कुठे संपते याची फिकीर नव्हती ती माणसं दोऱ्या घेऊन उभी राहिली. सख्खे भाऊ एकमेकांच्या रेघा मोजू लागले. कोणी कोणाला चहाला बोलावलं तर तिसरा विचारात पडायचा.

ज्या दिवशी ड्रोन उडायचा त्या सकाळी परशुराम वाड्याच्या टोकाला एका माडावर होता. उजाडलं होतं. त्याने सहज आपल्या घराकडे बघितलं तर आंबा आणि माडांच्या फटीतून दोन माणसं दिसली. चंदनच्या हातात फक्कीची पिशवी, आणि विमलाने दोरीचं टोक धरलेलं. दोघं वाकून, काही न बोलता रेघ मारत होती. इतक्या सकाळी? बाकीचे सगळे चहा पिऊन निवांत आठ-नवाला निघालेले, यांनाच कसली घाई? नेमकी रेघ कुठे पडते ते काही दिसेना, मध्ये पानांचा पसारा.

दहाच्या सुमारास ड्रोन आला. घूंऽऽ करत तो परशुरामच्या डोक्यावरून गेला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याहून वर होतं, आणि ते न सांगता आलं होतं. “मेल्या, हाक तरी मार!” परशुराम कोयता उगारून ओरडला. वाड्यातल्या पोरांनी ड्रोनला भिरभिरा असं नाव ठेवलं. परशुरामने ठेवलेलं नाव इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी घरी पोचून बघतो तर पाणंद लख्ख झाडलेली आणि वर शेणाचा सडा. दुसऱ्या दिवशी शिमग्याची पालखी दारात यायची होती.

“फक्कीची रेघ खंय गेली?” त्याने विचारलं.

“होती थोडी थंय. झाडलंय,” नर्मदा म्हणाली.

“खंय होती पण? माडाच्या अल्याड काय पल्याड?”

“माका काय म्हाईत! झाडताना माणूस केर बघता, हद्द मोजणा नाय. पालखी फक्कीतसून नेवची होती काय?”

परशुराम त्या रात्री बायकोकडेही संशयाने बघत झोपला.

पुढचे अडीच महिने त्याने चंदनच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवला. चंदनकडे चिऱ्यांची गाडी आली की हा पाणंदीत येऊन उभा. चंदन फोनवर बोलताना हातवारे करायला लागला की हात कुठल्या दिशेला जातो त्याची नोंद. जमिनीवरची वाट जागच्या जागी होती, एक बोटही कमी झाली नव्हती. पण एकदा कागदावरून वाट गेली की जमिनीवरून जायला किती वेळ? आणि वाट गेली तर जायचं कुठून, गडग्यावरून उड्या मारत? नर्मदेचे गुडघे गेलेले. या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

मे महिन्यात फोटो आले. मोठमोठे कागद, एका सभागृहाच्या भिंतीवर लावलेले, आणि खाली सूचना की कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत द्यावी. सगळा वाडा लोटला. आणि मग एक गंमत झाली. कोणाला स्वतःचं घर सापडेना! जन्मभर ज्या घराला समोरून बघितलं ते वरून कसं दिसतं हे कोणाला माहीत? एक जण तर शेजाऱ्याच्या गोठ्यावर बोट ठेवून आपलं देवघर म्हणून नमस्कार करायच्या बेतात होता. परशुराम पुढे झाला. दोन मिनिटं त्याने कागदावर नजर फिरवली आणि भराभर सांगत सुटला, “ह्या तुझा घर. ही तुझी बाव. ह्यो वाकडो माड, तेच्या बगलेक तुमचो गोठो.” लोकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मोजणी खात्याची संचिता नावाची तरुण अधिकारी होती, सावंतवाडीची, तीही कौतुकाने बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा परशुरामचं वरचं शहर खालच्या लोकांच्या उपयोगी पडत होतं. तो दिवस तिथेच संपला असता तर फार बरं झालं असतं.

शेवटी त्याने आपलं घर शोधलं. हे आपलं कौल. हा गडग्यावरचा आंबा, काळाकुट्ट गोल. आणि आंब्याच्या गोलाला चिकटून चंदनची पांढरी रेघ. रेघ आणि आंबा यांच्यामध्ये काहीच नव्हतं. वाटच नव्हती. मग त्याने हद्दीचा माड शोधला. शेंडा ताबडतोब सापडला, पिवळट, विरळ चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा. तो रेघेपासून चांगला बोटभर पश्चिमेला, चंदनच्या जागेत. संचिताने पट्टी लावून सांगितलं की तेवढं अंतर म्हणजे सात फूट.

परशुरामचं डोकं फिरलं. हद्द माडावर, आणि याने रेघ मारली माडाच्या सात फूट अलीकडे! कचेरीतली मराठी त्याला येत होती तेवढी सगळी गोळा करून तो ओरडला, “मॅडम, माझी हरकत आहे. ह्या इसमाने माझी सात फूट जागा खाल्लेली आहे!”

चंदन मागेच उभा होता. तो गोरामोरा झाला. “काका, काय बोलतास? बुंध्याक लावन रेघ मारलंय मी. आईन दोरी धरल्यान.”

“धरल्यान ती बघलंय मी! उजाडताना चोरासारखी!”

“उजाडताना कित्याक, तर धा वाजता आमच्याकडे पावणे येवचे होते...”

संचिता मध्ये पडली. “काका, तुमची वाट किती फुटांची?”

“चार.”

“मग सात फूट कशी खाल्ली?”

“ते त्यांना विचारा!”

कोणीतरी हसलं. संचिता शांतपणे म्हणाली, “वरच्या फोटोत झाडाचा शेंडा दिसतो, काका. बुंधा दिसत नाही. आणि झाडाखालची वाट तर दिसणारच नाही. जागेवर येऊन बघावं लागेल.”

कालची मुलगी मला माड शिकवते! परशुरामला वाटलं, हिलाही चंदनने गाठलंय. आता आपल्याला एकेक फूट ठाऊक आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध केल्याशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही. आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. शेंड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “ह्या शेंड्याखाली काय आसा, सांगू? विमलावयनीची नवी न्हाणी! छप्पर नाय तेका. मधी काळो चिरो, चिऱ्यार ती बसता. उजव्या हाताक दोरी, तेच्यार लुगडा टाकता. साबण कौलाच्या तुकड्यार ठेयता. माका फूट न् फूट म्हाईत आसा! ती न्हाणीच माझ्या जाग्यात घुसवलेली आसा!”

विमला बायकांच्या घोळक्यात उभी होती. सत्तरीची बाई, अंगाने बारीक. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती कोणाकडे न बघता बाहेर गेली. तिच्यामागून आणखी दोघीतिघी गेल्या. बघा, परशुरामच्या मनात आलं, चोरी पकडल्याबरोबर कशी उठली.

संचिताने पुढच्या मंगळवारी जागेवर यायचं ठरवलं. मधल्या आठ दिवसांत परशुरामला एकाही घरून बोलावणं आलं नाही. ऐन मे महिना, मुंबईकर आलेले, नारळाला मागणी, आणि हा घरात बसून. एका घरी स्वतःहून गेला तर म्हातारी म्हणाली, “पाडलंव आमी कालच.” वर बघितलं तर घड लोंबत होते. चंदनने सगळा वाडा आपल्याविरुद्ध उठवला याबद्दल आता परशुरामच्या मनात शंकाच उरली नाही. नर्मदा दोनदा काहीतरी सांगायला आली आणि त्याचं तोंड बघून मागे गेली. तिसऱ्यांदा मात्र तिने सांगितलंच. “तुमी ता न्हाणीचा बोललास, ता बरा नाय केलास.”

“मी काय खोटा सांगलंय?”

“खरा सांगलास, तेचाच वायट वाटता,” ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी संचिता टेप घेऊन आली. अर्धा वाडा पाणंदीत उभा. बुंधा तिने पाहिला, तो पाणंदीच्या कडेला, जास्वंदीच्या झुडपांतून वर गेलेला. वर मात्र चार माडांच्या चुडतांची अशी गुंतागुंत की कुठला शेंडा कुठल्या माडाचा ते खालून कळेना.

“माड कललेला दिसतोय,” संचिता म्हणाली.

“कोकणातले सगळे माड कललेले असतात, मॅडम. हात, दीड हात. त्याने हद्द सरकत नाही.”

“शेंडा बरोबर कुठे येतो ते ओळंबा सोडून बघता येईल.”

“ओळंबो कित्याक?” परशुरामला आता चेव चढला होता. “मी वर जातंय. शेंड्यात वाळलेलो नारळ आसा, तो सोडतंय. जंय पडात थंय माडाची जागा. मगे तरी पटात मां?”

पायात दोरीचा फास अडकवून तो चढायला लागला. पंधरा-वीस फुटांपर्यंत खाली उभ्या असलेल्या लोकांकडे विजयाने बघत गेला. त्यानंतर त्याचं पोट खोडाला घासायला लागलं. सरळ माडावर पाडेलीचा भार पायांवर असतो. इथे तो सगळा छातीपोटावर यायला लागला. चाळीस फुटांवर तो छाती खोडाला चिकटवून सरकत होता. अंगाला कळलं होतं, पण डोकं ऐकायला तयार नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, जन्मभर माडांवर काढलेल्या माणसाला एवढा कल समजू नये? खाली असताना तो रोज त्या बुंध्याला हात लावून जायचा, आणि वर असताना लांबच्या माडांवरून रोज तो शेंडा बघायचा. दोन्ही त्याच्या ओळखीचे. पण वादळाने त्या दोघांना एकमेकांपासून किती लांब नेलं होतं हे बघायला तो त्या माडावर पुन्हा चढलाच नव्हता. आणि संशय एकदा मनात शिरला की माणूस आपल्याला जे हवं तेच बघतो, मग तो खाली असो की वर.

शेंड्यात पोचून त्याने नारळ पिळला आणि सोडला.

नारळ चंदनच्या परसात पडला. धप्प करून, न्हाणीच्या भिंतीला अगदी लागून. संचिताने टेप धरला. बुंध्यापासून बरोबर पावणेसात फूट.

परशुरामने चुडतं बाजूला करून बघितलं. इतक्या दिवसांनी त्याला त्या जागेवरून सगळं एकत्र दिसत होतं. तिथे बुंध्याच्या मुळाशी झाडलोटीतून राहिलेला फक्कीचा एक पांढरा ठिपका होता. बुंध्यापासून गडग्यापर्यंत त्याची वाट होती, चार फूट, आहे तशी. कोणी तिला हात लावला नव्हता. पुढाकार घेऊन, सगळ्यांदेखत, दुसऱ्याची सात फूट जागा मागणारा एकच माणूस त्या वाड्यात होता, आणि तो माडावर बसला होता.

तो खाली उतरेपर्यंत संचिताने कागद भरला होता. चार फुटांची वहिवाटीची पाणंद, लगतच्या मालकाला मान्य. चंदनने सही केली. चढताना परशुरामच्या कोपराला खरचटलं होतं ते बघून त्याने घरातून हळद आणून दिली, पण “बरा मां” काही विचारलं नाही. लोक पांगले. नकाशावर परशुरामची वाट आली, कायमची. ज्याच्यासाठी अडीच महिने झोप उडाली होती ते मिळालं, आणि त्याला त्याचा काडीचा आनंद होईना.

दुपारी तो चंदनच्या मागीलदारी गेला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पायांवर पडायलाही त्याची ना नव्हती. विमला पायरीवर बसून कोकमं फोडत होती. तिने मान वर केली.

“वयनी, माझा चुकला,” तो म्हणाला.

“बरा झाला इलंस,” ती म्हणाली. “काम आसा. न्हाणीर छप्पर घालूचा आसा.”

तो पायरीशी खाली बसला. मग म्हणाला, “चंदनाक सांगून पत्रो घाल गो. टिकाऊ.”

“पत्रो तापता. चुडतांचा घाल. तूच घाल. वरसून काय दिसता नि काय दिसणा नाय, ता तुझ्याशिवाय कोणाक म्हाईत?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परशुरामला सोसला असता. तो घरून कोयता आणि सुंभाची दोरी घेऊन आला. पडवीत रचून ठेवलेली चुडतं त्याने मधोमध चिरली, पाण्यात भिजवली आणि विणायला बसला. मांडवाला घालतात त्याहून दाट विणली. दोन तास गेले. विमला कोकमं फोडत राहिली, मध्ये एकदा तिने त्याला चहा दिला. भिंतीवर बांबू टाकून त्याने एकावर एक तीन थर चढवले, कोपरे आवळून बांधले.

“झाला?” तिने विचारलं.

“झाला.”

“मगे एकदा माडार चढान बघ. दिसूक नको कायएक.”

परशुराम हद्दीच्या माडावर चढला. वर पोचून, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्याने मुद्दाम खाली न्हाणीकडे बघितलं. चुडतांच्या विणीचा एक चौकोन होता. चिरा नाही, दोरी नाही, काही नाही. आजूबाजूला सगळं मालवण नेहमीसारखं पसरलेलं होतं, आणि त्यातली किती मागीलदारं अजून उघडी होती ते मोजायची त्याला भीती वाटली.

“दिसता काय रे?” विमलाने खालून विचारलं.

“नाय गो वयनी,” तो म्हणाला. पहिल्यांदा ते खाली पोचलं नाही, म्हणून ते त्याला दोनदा सांगावं लागलं.